अण्णाच्या सॉफ्टवेअरची चावी

१२ ऑगस्ट, मंगळवार

आधीच माफी मागते. शुद्धलेखन चुकणार. टायपिंगबी लई हळू हाय माझं, दोन बोटांचं. कुणी वाचणार न्हाय म्हाईत हाय, तरी मागून ठेवते. नववीत शाळा सोडली. वर्गात उभं केलं की घशातनं आवाजच यायचा न्हाय, ना मराठीतनं ना कानडीतनं. मराठी टायपिंग माझ्या भावानं, अण्णानं शिकवलं, तेबी अर्धंच ऱ्हायलं.

अण्णा गेल्यावर आज पहिल्यांदा त्याचा पीसी चालू केला. पासवर्ड कुंदा, त्याची आवडती मिठाई. आमच्या सगळ्या वडगावाला कळला असता. पडद्यावर तेच चित्र, आमचा दोन नंबरचा माग आणि त्याच्यापुढं तोंड वाकडं करून बसलेली मी.

साडीच्या डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडलं. (हितनं पुढं नुस्तं सॉ. लिहिणार.) उघडलंच न्हाय. इंग्लिशमधी एक चौकोन आला, 'की नॉट फाउंड', म्हणजे चावी सापडत न्हाय. ओके दाबलं की बंद. परत उघडलं, परत तेच.

चावी म्हणजे ती पेनड्राईवसारखी हिरवी काडी. ती मागं लावल्याबिगर सॉ. चालत न्हाय. गल्लीत सगळे चोरीचं सॉ. वापरतात, अण्णानं एकट्यानं विकत घेतलं. चावी कुणी चोरू नये म्हणून गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवून फिरायचा.

आता जुडगं कुटं हाय बघायला पायजे.

१३ ऑगस्ट

हे का करायलेय ते लिहून ठेवते, न्हायतर नंतर मलाच खरं वाटणार न्हाय.

आक्काचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लगीन निपाणीत ठरलंय. अण्णा तिच्यासाठी साडी काढत हुता. काठावर तंबाखूचं पान आणि पदरावर तंबाखूचं फूल. आक्का केवढी भडकली हुती. "लग्नात तंबाखू नेसू व्हय रं? सासरची हसतील." तो म्हणाला, "निपाणीला चाललीस. त्यांच्या घरात तंबाखूवरच चूल पेटती. पदरात घेऊनच जा की." तंबाखूला गुलाबी फूल येतं हे मला तवाच कळलं.

मग अण्णा निपाणीच्या पाहुण्यांकडं जाऊन परत येताना हायवेवर

दहाव्याला खानापूरला मलप्रभा नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवंना. झाडावर बसलेले, पण खाली येईनात. आप्पा म्हणाले, तुझ्या आक्काचं लगीन थांबवत न्हाय बाबा. न्हाय आला. आई म्हणाली, मी रडत न्हाय. न्हाय आला. मामा म्हणाला, मागाची काळजी करू नगंस. न्हाय. ऊन वर आलं. भटजी घड्याळ बघाय लागले, म्हणाले दर्भाचा कावळा करू. तवा मी बोलले. एवढ्या माणसांत कवा बोलले न्हाय. "अण्णा, ती साडी मी पुरी करते."

आला. लगेच आला.

सगळे माझ्याकडं बघत हुते. आक्का सोडून.

१४ ऑगस्ट

सॉ.च्या कंपनीला फोन लावला. तिकडनं बाई हिंदीत. मी नुस्तं हॅलो हॅलो केलं आणि आवाज गेला. आक्काच्या हातात फोन दिला. आक्काला काय कळत न्हाय सॉ.तलं, पण बोलायला घाबरत न्हाय.

बाई म्हणाली, "चाबी ही लायसन्स है मॅडम. चाबी गई तो नया लेना पडेगा."

आक्का म्हणाली, आमी विकत घेतलंय, बिल हाय.

"तो जिनके नाम से बिल है उनसे बात करवाइए."

"वो नहीं है."

"कब तक आएँगे?"

आक्कानं फोन ठेवला. भाकरी थापायला गेली. भाकरी थापायचा आवाज लई मोठा आला आज.

१६ ऑगस्ट, शनिवार

जुडगं घरात न्हाय. ट्रंक बघितली, मागाखाली बघितलं, कांड्यांच्या बुट्टीत हात घालून बघितलं. मी दिसभर कांड्या भरते, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. म्हटलं माझ्याच बुट्टीत पडलं असंल. न्हाय. पोलिसांनी दिलेली पिशवी आईनं उघडू दिली न्हाय, पण वरनं चाचपली. मऊ हाय सगळं. कपडेच.

मामाला फोन केला. दहाव्याचं सगळं त्यानंच बघितलं हुतं.

मामा म्हणाला, "गाडीच्या किल्लीचं जुडगं? ते तुझ्या आप्पानं ठेवलं की पिंडापाशी. कावळा येईना तवा. गाडीवर लई जीव हुता म्हणून. आणि नंतर सोडलं सगळं पाण्यात, फुलांबरोबर."

"हिरवं कायतरी हुतं त्याला?"

"हुतं की. खेळण्यागत कायतरी. का गं?"

मी म्हटलं कायबी न्हाय.

आप्पांना कळता कामा नये. कुणालाच सांगणार न्हाय मी.

मी साडी पुरी करते म्हटलं तवा ती चावी तितंच हुती. पिंडाला टेकून. मी बघितलीच न्हाय, कावळ्याकडं बघत हुते.

१९ ऑगस्ट

गणूकाकांकडं गेले, खासबागेत. ते पत्ते पाडतात. कॉम्प्युटरवरनं डिझाईन घ्यायची, त्यापरमानं पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. ते पत्ते मागावर टांगले की भोकं बघून माग कुटलं सूत उचलायचं ते उचलतो. अण्णाच्या सगळ्या साड्या त्यांच्याकडनंच गेल्या. फकस्त ही तंबाखूची गेली न्हवती, ती अण्णाच्या पीसीतच हाय.

फाईल पेनड्राईववर (हितनं पुढं पे.ड्रा.) घालून नेलेली. काकांच्या सॉ.त उघडली न्हाय. त्यांचं जुनं हाय, चोरीचं. अण्णाचं नवीन, म्हणून फाईलबी नव्या पद्धतीची.

काका हसले, मग हसू आवरलं. "तुझा अण्णा मला म्हणायचा, काका, चोरीचं वापरू नगा, एक दिवस फसाल. आता बघ पोरी. माझं चोरीचं बिनघोर चालू हाय आणि त्यानं पैसे मोजलेलं कुलूप लावून बसलंय."

मी डोळे पुसले.

"रडू नगंस. नव्या सॉ.चं क्रॅक आलंय म्हणं. आमच्या ग्रुपवर लिंक टाकलीया कुणीतरी. चावीबिगर चालतंय. मी अजून टाकून बघितलं न्हाय हं. तुझं तू बघ."

लिंक पाठवली. चहा दिला. मी आले.

अण्णा असता तर हात लावू दिला नसता. पण अण्णा असता तर लिंक लागलीच नसती.

२१ ऑगस्ट

अजून टाकलं न्हाय. भीती वाटत्या.

गल्लीतल्या बायका आईजवळ बसल्या हुत्या. एक म्हणाली, लगीन ठरलं आणि तिकडनं येतानाच झालं बघा, पायगुण म्हणायचा का काय. आक्का आत कांदा चिरत हुती. आईनं काय उत्तर दिलं न्हाय. द्यायला पायजे हुतं.

आप्पा म्हणतात लगीन वर्षाच्या आतच करायचं, न्हायतर मग तीन वर्सं थांबावं लागतंय. तुळशीचं लगीन झालं की लगेच. साडी दिवाळीच्या आत मागावर चढायला पायजे.

मी आक्काला म्हटलं, हुईल गं. ती म्हणाली, "मला ती साडी नगं. तू उगंच डोकं फोडू नगंस."

"मी वचन दिलंय."

"कावळ्याला दिलंयस. मला इचारलंस?"

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आधी अण्णाचं पूर्ण डिझाईनचं फोल्डर पे.ड्रा.वर कॉपी केलं. म्हणजे कायबी झालं तरी एक कॉपी असूदे. फोटोंचंबी केलं. मग क्रॅक उतरवलं. त्यात लिहिलतं, अँटीव्हायरस बंद करा. केलं. इन्स्टॉल हुताना हिरवी पट्टी भरत गेली. सॉ. उघडलं!! चावी मागितली न्हाय. मी टाळी वाजवली एकटीच.

फाईल उघडायला गेले तर यादीत फाईलचं नाव बदललेलं. मागं कायतरी इंग्लिश अक्षरं. बघता बघता दुसरीचं. तिसरीचं. चित्रं जाऊन पांढरे कागद. मग पडदा लाल झाला. फाईली परत पायजेत तर पैसे द्या म्हणत हुता, तेबी डॉलरमधी. वायर ओढली भिंतीतनं.

पे.ड्रा. काढलाच न्हवता मी. तसाच मागं लावलेला.

२३ ऑगस्ट

पे.ड्रा.वरचंबी गेलं. सगळं. साडीची फाईल, बाकीच्या साड्या, अण्णाचे फोटो, तोंड वाकडं केलेली मी.

हे लिहिलेलं तेवढं ऱ्हायलं. का तर रोज लिहून झालं की मी माझ्याच मेलवर पाठवत हुते. माझी बडबड मी जपली. अण्णाच्या फाईलला तेवढं सुचलं न्हाय.

आता फोनवर लिहायलेय.

आईला सांगितलं पीसी बिघडला. आक्काला खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं झालं." मग कायतरी सांगाय लागली, तितंच थांबली. भांडी घासायला गेली, घासलेलीच भांडी.

२५ ऑगस्ट

गणूकाका घरला आले. आप्पांसमोर बसून मान खाली. "माझ्यामुळं झालं. मी लिंक दिली." आप्पांना लिंक म्हणजे काय कळंना. "कसली लिंक? चावी हाय न्हवं त्याला? हिरवी? त्यानं मला दाखवलती. ती लावा की."

काका माझ्याकडं बघायलेत. मी फरशीकडं.

"हरवली," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. तंबाखू मळत हुते ती तशीच हातात. मळायचीबी थांबली.

२७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. आमच्यात गणपती न्हाय यंदा. मंडळाचा स्पीकर सकाळपासनं. शेजारनं मोदक आले, आईनं झाकून ठेवले, कुणी खाल्ले न्हाईत.

आप्पा कांड्यांच्या मशीनपाशी आले. मी भरत हुते. मशीनच्या आवाजात इचारलं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"पाण्यात सोडली त्यात हुती न्हवं?"

मी म्हटलं न्हाय.

"मी ठेवली. माझ्या हातानं."

मी परत म्हटलं न्हाय आप्पा, ती घरातच कुटंतरी हाय. मला खोटं बोलायला येत न्हाय. गप बसायला येतं, पण ते ह्यावेळी चालणार न्हवतं.

त्यांनी माझ्या बुट्टीतली एक कांडी उचलली, बघितली, ठेवली. गेले.

माग बंद आज. सण हाय म्हणून न्हवे.

२९ ऑगस्ट

आप्पा सकाळी न सांगता गेले. दुपारनंतर आले. पँट मांडीपतोर ओली, चिखल, चप्पल एकच. आई ओरडली, कुटं गेलतासा? "खानापूरला. काम हुतं."

माझ्याजवळनं जाताना म्हणाले, "पाणी लई हाय गं. पाऊस थांबल्यावर दिसंल."

काय दिसणार हाय. आणि दिसली तरी काय, फाईलच ऱ्हायली न्हाय. त्यांना ते कोण सांगणार. चावी मिळाली की सगळं उघडंल असं वाटतंय त्यांना.

मी पाणी तापवून दिलं पायावर घ्यायला. घोट्यापाशी खरचटलेलं. हळद लावली.

२ सप्टेंबर

पीसी पुसून परत नवीन केला. गणूकाकांचा भाचा आला हुता, त्यानं शिकवलं, मी केलं. आता आत कायबी न्हाय. निळा पडदा आणि कचऱ्याची बादली. ती पण रिकामी.

फुकटचं एक चित्र काढायचं सॉ. मिळतंय. चोरीचं न्हवे, खरोखर फुकट. चौकोन चौकोन भरता येतात. एक चौकोन म्हणजे एक सूत, असं धरून काढलं तर काका म्हणाले मी पत्ते पाडून देतो.

आठवून पान काढायला बसले. तंबाखूचं पान मी बघितलंय की हजारदा, निपाणीच्या बाजारात. काढताना येईना. आई मागनं बघून म्हणाली, "हे काय, अळूचं?" पुसलं. दुसरं काढलं. "हे बरं हाय. केळीचं."

पहिल्यांदा हसली आई. मीबी.

फूल तर आठवतच न्हाय. अण्णानं एकदाच दाखवलं हुतं पडद्यावर, आणि तवा मी त्याच्याकडं बघत हुते. कसा खूश झालाय ते.

४ सप्टेंबर

आप्पा मागावर बसले. पण दोन नंबरवर न्हाय. तो रिकामा ठेवलाय, पुसून. कुणी इचारलं तर म्हणतात, "त्याच्यावर काम येणार हाय."

मला इचारत न्हाईत झालं का म्हणून. इचारलं असतं तर बरं झालं असतं.

७ सप्टेंबर, रविवार

मी पीसीपुढं बसले हुते. आक्का आली, फोन टेबलावर ठेवला, गेली.

पडद्यावर फोटो. अण्णाच्या पीसीचा फोटो, त्यानं फोननं काढून तिला पाठवलेला. खाली त्यानं लिहिलेलं: "बघ म्हशी. अजून नगं म्हणशील?" आणि आक्कानं उत्तर दिलेलं, रागाचं तोंड. त्यो त्याच दिवशी निपाणीला गेलता. त्याच दुपारी.

फोटोत साडी हाय. तिरकी, उजेड पडलेला, पण हाय. काठ हाय. पानं हायत. पदरावर फुलं, सगळी एकसारखी न्हवेत, एक उमललेलं, एक कळी. असं असंल ते मला वाटलंच नसतं.

मी स्वयंपाकघरात गेले. "तुझ्याकडं हुता? एवढे दिवस?"

आक्का म्हणाली, "माझं रागाचं तोंड शेवटचं हाय त्याच्यासाठी. ते कुणाला दाखवू?"

मग म्हणाली, "पुसायला गेलते मी तो. पुसला असता तर बरं झालं असतं का वाईट, ते कळंना. म्हणून ठेवला."

मी तिच्याजवळ बसले. भाकरी करपली.

१० सप्टेंबर

काढायलेय. रोज थोडं. फोटो मोठा केला की फुटतो, चौकोन धूसर हुतात. हा गुलाबी का पांढरा ते कळत न्हाय. कळत न्हाय तितं अण्णानं काय केलं असतं ते बघते, ते पण कळलं न्हाय तर माझं घालते. आता किती त्याचं आणि किती माझं, सांगता येणार न्हाय. ह्याला पुरी केली म्हणतात का? कावळ्याला इचारायची सोय न्हाय.

काठ झाला. गणूकाकांनी बघितला. "अळू न्हाय आता," म्हणाले. आईनं सांगितलं असणार.

१३ सप्टेंबर

एक जागा अडलीया.

फोटो काढताना अण्णाचं बोट आलंय मधी. फोनच्या कडेला धरलेलं, पदराच्या मधल्या फुलावर. नख दिसतंय, नखात रंग. बाकी सगळी फुलं मिळाली, हे एकच बोटाखाली हाय. हे सगळ्यात मोठं, मधलं. ह्याच्यासारखं दुसरं न्हाय, म्हणून दुसऱ्या फुलावरनं हे काढता येत न्हाय.

आज दिसभर त्या बोटाकडं बघत बसले. मोठं करून. लहान करून. एकदा वाटलं हलंल.

आक्का येऊन बघून गेली. म्हणाली, "मी पीसीच्या काचेत त्याच्या हातातलं घड्याळ शोधत हुते, बोट दिसलंच न्हवतं मला."

१५ सप्टेंबर, सोमवार

आप्पा मागं येऊन उभे ऱ्हायले. त्यांना पडद्यावरचं काय कळत न्हाय असं मला वाटायचं. बघत ऱ्हायले. मी सांगितलं, एवढंच ऱ्हायलंय, हितं काय हुतं म्हाईत न्हाय.

"हे कुणाचं बोट?"

"अण्णाचं."

खाली वाकले. चष्मा कपाळावर घेतला, जवळ नेलं तोंड पडद्याच्या. लई वेळ.

"मग बोटच ठेव की," म्हणाले.

"पदरावर? आप्पा, साडी हाय. बोट कसं विणायचं?"

"फूल विणता, पान विणता. त्याचं हाय ते तेवढंच. बाकीचं तू काढलंयस." मग म्हणाले, "चावी मिळाली असती तर बोट मिळालं नसतं."

बाहेर गेले. मागाला तेल घालायचा आवाज आला.

काढलं मी. नुस्ता आकार. मधोमध, फुलांत. म्हाईत नसलेल्याला कळी वाटंल, जरा लांबट. म्हाईत असलेल्याला

आक्काला दाखवलं. तिनं पदर घेतात तसा हात खांद्यावर नेला, तितंच ठेवला. हो म्हणाली न्हाय. नगं पण म्हणाली न्हाय. पाहुण्यांना कसं सांगायचं, कुणी इचारलं हे काय हाय तर? इचारलं मी. "बघू," म्हणाली.

१८ सप्टेंबर

पत्ते आले. आप्पांनी स्वतः टांगले दोन नंबरवर. फाईल मेलवर पाठवली, दोनदा, आक्काच्या मेलवरबी, आणि पे.ड्रा.वर घालून पे.ड्रा. काढून डब्यात. डबा आईकडं.

उद्या माग चालू करायचा. बोट पदरात हाय, म्हणजे शेवटी येणार. काठ आधी. तोवर आक्का काय म्हणती बघायचं. आप्पा म्हणाले, "ती न्हाय म्हणाली तर तिथवरच विणू आणि थांबू." कुटं थांबायचं ते म्हणाले न्हाईत.

आत्ताच समोरच्या काकू सांगून गेल्या, त्यांची म्हैस व्याली. रेडी झालीया. कपाळावर पांढरा ठिपका हाय म्हणं, सगळे बघायला गेलेत.